भाऊजींचे साडेतीन

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, गावात कुणी खऱ्या नावाने ओळखत नाही. दुकानात ते चष्मेवाले आणि ब्रुअरीत साडेतीन. दोन्ही नावं त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवलेली आहेत.

चष्म्याचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर आहे. पुढे काचेची कपाटं आणि मागे पडद्याआड नंबर काढायची अंधारी खोली. खुर्चीत गिऱ्हाईक बसतं, त्याच्या नाकावर भाऊजी ती जड गोल फ्रेम चढवतात आणि एकेक काच घालत-काढत विचारतात, "ही बरी की ही? आता? पहिली की दुसरी?" गिऱ्हाईक म्हणतं, दोन्ही सारख्याच. भाऊजी म्हणतात, सारख्या नसतात, नीट बघा. सकाळपासून दिवे लागेपर्यंत हेच. दिवसभर दुसऱ्याचं मत विचारणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःचं मत द्यावंसं वाटणारच. घरी तशी सोय नव्हती. घरातली मतं ताईची असतात.

म्हणून दर शनिवारी भाऊजी ब्रुअरीत जातात.

ही ब्रुअरी म्हणजे टायरचं जुनं गोदाम. मालकांनी ते घेतलं, मागच्या बाजूला स्टीलच्या टाक्या बसवल्या, पुढे बाकं मांडली आणि भिंतीतून सहा नळ काढले. फळ्यावर खडूने बिअरची नावं लिहिलेली असतात. हलकी असते ती 'दुपार'. जड असते ती 'वामकुक्षी'. गव्हाची आहे तिला नुसतं 'गव्हाची' म्हणतात, कारण तोवर मालकांची कल्पनाशक्ती संपली होती. मी पीत नाही, पण ताईला सोबत म्हणून जाते आणि आल्याचं सरबत घेऊन बसते. ताई अर्धा ग्लास घेते. सगळ्या बिअरबद्दल तिचं एकच मत आहे : "कडू."

कोपऱ्यातलं टेबल शौकिनांचं. तिथे तिघं बसतात. पहिले फेसबुवा. हे विमा कंपनीत आहेत. बिअर समोर आली की आधी ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून फेस बघतात आणि तो बसेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. त्या प्रत्येक घोट तोंडात इतका वेळ फिरवतात की आता चूळ भरून टाकतील असं वाटतं. तिसरे आमचे भाऊजी.

यांची मतं ऐकण्यासारखी असतात. गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, हे तिघांनाही मान्य आहे. पण फेसबुवांच्या मते ते कच्चं केळं आणि डॉक्टरीणबाईंच्या मते पिकलेलं. एकदा या केळ्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. मग 'वामकुक्षी'च्या एका खेपेला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, त्यावर दोघांचं एकमत झालं आणि संबंध पुन्हा सुरळीत झाले. मी एकदा विचारलं, "ओला पुठ्ठा तुम्ही खाल्लाय कधी?"

"खावा लागत नाही," फेसबुवा म्हणाले. "कळतो."

सगळ्यांचं बोलून झालं की भाऊजी बोलतात. हा तिथला रिवाज आहे, कारण त्यांच्यानंतर कुणी वेगळं काही बोलायला धजत नाही. ते चष्मा काढतात, रुमालाने पुसतात, परत लावतात आणि पाचपैकी किती तारे ते सांगतात. साडेतीन. ब्रुअरी सुरू झाल्यापासून त्यांनी कुठल्याही बिअरला साडेतीनच्या वर काही दिलेलं नाही. खाली मात्र पुष्कळदा गेले. मालक सुरुवातीला रागवायचे. पुढे त्यांनाच त्याचा अभिमान वाटू लागला. नवीन गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "आपल्या 'दुपार'ला साडेतीन आहेत. साडेतीनांचे साडेतीन!" गिऱ्हाईकाला काही कळायचं नाही, पण ते पिऊन जायचं.

ताई म्हणते, "साडेतीन शहाण्यांतला वरचा अर्धा तो हा." लग्नात आमच्या मामांनी भाऊजींना विचारलं होतं म्हणे, व्यवस्था कशी वाटली? भाऊजी म्हणाले होते, "ठीक." ताईने ते अजून माफ केलेलं नाही.

शौकिनांचा आणखी एक नियम आहे. टाक्यांच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. बिअर कोण करतं, कशी करतं, ते डोळ्यांनी बघितलं की जीभ बिघडते, असं त्यांचं म्हणणं. भाऊजी हा नियम इतका काटेकोर पाळतात की त्यांची स्वतःची मुलगी मागे काम करायला लागली तरी त्यांनी ती खोली पाहिलेली नाही.

मुलगी म्हणजे आमची बारकी. रसायनशास्त्र शिकली. आता दुकानात बसेल, असं सगळे धरून चालले होते. ती ब्रुअरीत टाक्या धुवायला गेली. भाऊजी म्हणाले, "बघ बाई." ताई म्हणाली, "एवढं शिकून भांडी घासणार, ती इथे घास की, इथे पण आहेत." बारकी गेलीच. तिथे उस्ताद म्हणून बिअर करणारे होते, त्यांच्या हाताखाली ती आधी धुणं शिकली, मग भाजलेलं धान्य मोजणं, मग टाकीवर लक्ष ठेवणं. एकदा मी तिचा डबा द्यायला मागे गेले. मला कुठे तारे द्यायचे होते? ती उलट्या क्रेटवर बसली होती आणि टाकीच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होती. मी हाक मारली. तिने नुसता हात वर केला, थांब म्हणून. मी थांबले. डबा गार झाला तरी ती हलली नाही.

घरात मात्र बारकी म्हणजे करपवणारी. गॅस मोठा केल्याशिवाय तिला पेटवल्यासारखाच वाटत नाही. पाव भाजला तर कडा काळ्या, दूध ठेवलं तर बुडाला लागलेलं, चहा उकळून उकळून काळाशार. भाऊजी दिवाणखान्यातून ओरडायचे, "बारकीने केलाय हा चहा! मला तीन खोल्यांवरून कळतो तिचा हात!" आणि खरंच तो बारकीचाच असायचा.

मग उस्तादांना दुसरीकडे चांगली नोकरी लागली. जाता जाता त्यांनी काळ्या बिअरची एक टाकी लावून ठेवली. मालकांनी बारकीलाही एक छोटी टाकी दिली. म्हणाले, तीच बिअर तू तुझ्या पद्धतीने कर. दोन्ही शौकिनांपुढे ठेवू, कुठली कुणाची ते न सांगता. तुझी वरचढ ठरली तर सहावा नळ तुझा आणि मागची खोली तुझी. नाही ठरली तर बाहेरून कुणी अनुभवी माणूस आणतो, तू त्याच्या हाताखाली राहा.

हाताखाली म्हणजे परत टाक्या धुणं, हे बारकीला समजत होतं.

भाऊजींनी ऐकलं आणि म्हणाले, "मी बसणार नाही. मी बाप आहे."

"तुम्ही नसलात तर त्या मताला किंमत काय?" मालक म्हणाले.

बारकी म्हणाली, "बाबा, बसा. तुम्हाला कळणारच नाही कुठली माझी ते."

भाऊजींना हे झोंबलं. "मला? मला कळणार नाही? अगं, तुझा चहा मी—"

"तीन खोल्यांवरून. माहितीये."

"नुसत्या वासाने सांगेन."

त्या आठवड्यात भाऊजींनी हे वाक्य दुकानात, घरी, जिन्यात आणि फेसबुवांना फोन करून सांगितलं. जिभेला त्रास नको म्हणून कांदा, लसूण, मिरची बंद केली. ताई बिनमिरचीची भाजी करायची आणि ताट आपटायची.

"एवढं पथ्य माझ्या बाळंतपणात पाळलं असतंत तर बरं झालं असतं."

"बाळंतपण तुझं होतं."

"मुलगी कुणाची होती?" ताईने विचारलं. मग माझ्याकडे वळून, भाऊजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तू सांग गं यांना. पोरीची ओळखून काढाच आणि चार द्या म्हणावं. काय जातं यांचं? खिशातून द्यायचेत?"

"ओळखली तर दोन्हींना सारखे देईन," भाऊजी म्हणाले. "साडेतीन, साडेतीन. म्हणजे कुणी बोलायला नको."

"नशीब पोरीचं!" ताई म्हणाली आणि भाजी त्यांच्या ताटात आणखी वाढली.

शनिवारी गोदाम भरलेलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती लोक उभेच होते. बारकीने मागे जाऊन दोन्ही बिअर ओतल्या, कुठली कुणाची ते चिठ्ठीवर लिहून दिलं आणि मालकांनी त्या आणून ठेवल्या. प्रत्येकासमोर दोन ग्लास, डावीकडचा पहिला, उजवीकडचा दुसरा. दोन्ही काळे, दोन्हींवर कॉफीच्या रंगाचा फेस. मधे कोरडा पाव. मग बारकी येऊन नळांपाशी उभी राहिली. हातातल्या फडक्याने ती एकच नळ पुसत होती.

फेसबुवांनी फेस बसेपर्यंत वाट बघायला लावली. मग दोन्ही चाखून म्हणाले, पहिल्यात दम आहे, भाजल्याचा वास कसा सरळ नाकात येतो. दुसरी चांगली, पण जरा जास्तच सभ्य. पहिलीला चार, दुसरीला साडेतीन.

डॉक्टरीणबाईंनी गाल फुगवून दोन्ही घोट फिरवले. त्या म्हणाल्या, पहिली जिभेवर ओरडते. दुसरी बोलते. पहिलीला साडेतीन, दुसरीला चार.

म्हणजे काटा बरोबर मधोमध येऊन थांबला. सगळे भाऊजींकडे बघायला लागले.

भाऊजींनी पहिला ग्लास उचलला, वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. ते मी पाहिलं, ताईनेही पाहिलं. ताईने माझा दंड धरला. त्यांनी घोट घेतला. मग पावाचा तुकडा खाल्ला आणि दुसरा ग्लास उचलला. एक घोट घेतला. परत एक घेतला. तिसराही घेतला. चाखताना तिसरा घोट घेणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

चष्मा काढून पुसला. लावला.

"पहिली करपलीये," ते म्हणाले. "आच मोठी ठेवलेली आहे. करणाऱ्याला धीर नाही, कधी एकदा होतंय असं झालेलं आहे. हे आत्ताच सांगितलं नाही तर सवय जाणार नाही. अडीच."

दोन्हींना साडेतीन द्यायचं त्यांचं ठरलेलं होतं. ते कुठे गेलं, ताईला कळेना. तिने माझा दंड आणखी आवळला.

"आणि दुसरी?" मालकांनी विचारलं.

"दुसरी..." भाऊजी थांबले. "हिच्यापाशी कुणीतरी बसून राहिलेलं आहे. उठलेलंच नाही. हाक मारली तरी उठलं नसणार. साडेचार."

फेसबुवांनी विचारलं, "किती?"

"साडेचार."

मालकांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली. पहिली उस्तादांची. दुसरी बारकीची.

ताईने माझा दंड सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या मधेच विरल्या, कारण फेसबुवा उभे राहिले होते.

"एक मिनिट. साडेतीन, राग मानू नका. पण इतकी वर्षं तुम्ही कुणाला चार दिले नाहीत. आठवडाभर मला फोन करून सांगत होतात, मुलीची नुसत्या वासाने ओळखीन. आणि आज तिलाच साडेचार? वर उस्तादांना अडीच?"

"खरंय," मागून कुणीतरी म्हणालं. "बापच तो."

"मी ओळखली नाही," भाऊजी म्हणाले.

"चेहऱ्यावर दिसलं की आम्हाला! वास घेतल्या घेतल्या तुम्ही ओळखलंत."

मालक डोकं खाजवायला लागले. म्हणाले, असं असेल तर हे मत धरणं बरं नाही. लोक म्हणतील, घरच्या घरी वाटून घेतलं. बाहेरचा माणूस यायला तयार आहे, त्यालाच बोलवू, बारकीचं पुढे बघू. बारकी अजून तोच नळ पुसत होती. तिने वर बघितलं नाही.

"सांगा ना काहीतरी!" ताई भाऊजींना म्हणाली. "एरवी तर तोंड बंद नसतं."

भाऊजींनी चष्मा काढला. पुसला. लावला. परत काढला. नंबर काढायच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक जसं अक्षरांच्या तक्त्याकडे बघतं आणि खालची ओळ दिसत नाही हे कबूल करायला लाजतं, तसे ते समोर बघत होते.

"मी ओळखली होती," ते म्हणाले.

"बघा!" फेसबुवा म्हणाले.

"पहिली ओळखली होती." भाऊजी थांबले. "मला वाटलं, पहिली बारकीची."

कुणाला काही समजेना. डॉक्टरीणबाईंनी, दुखणारा दात शोधावा तशा सावकाश आवाजात विचारलं, "पहिली का वाटली?"

"करपलेली होती."

"म्हणून मुलीची?"

"हो. घरी ती सगळंच करपवते. म्हणून अडीच दिले. बाप आहे, म्हटलं, बोलायलाच पाहिजे."

"आणि दुसरी?"

भाऊजींनी नळांच्या दिशेने बघायचं टाळलं. "दुसरीत धीर होता. म्हटलं, ही उस्तादांची असणार. हिची नसणार."

कोपऱ्यातल्या टेबलाचा सगळ्यात मोठा जाणकार स्वतःच्या मुलीचा हात ओळखू शकला नाही, हे त्यानेच भरल्या गोदामात सांगितलं होतं. आणि मुलीबद्दल आपलं काय मत आहे, तेही सांगून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे खोटं नाही. स्वतःची इतकी शोभा कुणी मुद्दाम करून घेत नाही."

फेसबुवा बसले. "नाही," ते म्हणाले, "कुणीच नाही." आणि दुसरीचा उरलेला घोट पिऊन त्यांनी तिला आणखी अर्धा तारा दिला. खरं म्हणजे आता त्याची गरज नव्हती.

मालक फळ्याकडे गेले आणि त्यांनी खडू उचलला. "नाव काय लिहू गं?"

बारकीने फडकं खांद्यावर टाकलं. "दुसरा ग्लास," ती म्हणाली. मालकांनी तसं लिहिलं.

घरी जाताना आम्ही चौघं चालत निघालो. ताई आणि मी पुढे, ती दोघं मागे. ताईला आनंद झाला होता, म्हणून ती बडबडत होती. मी अर्ध्या कानाने मागचं ऐकत होते.

"मग साडेचार धरू का तुमचे?" बारकीने विचारलं.

"धर की. दिलेत."

"मला नाही दिलेत. उस्तादांना दिलेत. मला अडीच दिलेत."

कोपऱ्यावरचा केशकर्तनालयवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडे बघून भाऊजींनी उगीचच मान हलवली.

"ते चुकून झालं," शेवटी ते म्हणाले.

"कुठलं चुकून? अडीच की साडेचार?"

भाऊजी चष्मा पुसायला लागले. मग बारकीच म्हणाली, "राहू दे. सरासरी काढली तर साडेतीनच येतात."

ताई बोलता बोलता थांबली. तिला हसू आलं होतं आणि ते तिला भाऊजींना दाखवायचं नव्हतं, म्हणून तिने माझ्या दंडावर तोंड दाबलं. तो दंड आधीच दुखत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेले, तेव्हा भाऊजी दिवाणखान्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. स्वयंपाकघरात ताई आणि बारकी दोघी होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. भाऊजींपुढच्या पोह्यांत मिरच्या परत आल्या होत्या. मी विचारलं, "भाऊजी, ब्रुअरीत आता मागच्या खोलीत जाऊन बघणार का?"

"नियम आहे," ते म्हणाले. पण वर्तमानपत्राचं पान त्यांनी उलटलं नाही. मग म्हणाले, "क्रेटवर बसते का ती?"

"उलट्या क्रेटवर."

"पाठ दुखेल. खुर्ची मिळत नाही का तिथे?"

"मिळते. तिला नको असते."

बारकीने ट्रेमधून चहा आणून ठेवला. काळाशार. घोटाआधीच वास आला, उकळून उकळून कडेला लागल्याचा. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी कप उचलला, नाकाशी नेला आणि तोंड उघडलं.

मग मिटलं. एक घोट घेतला. कप बशीत ठेवला.

"कुणी केलाय हा?" त्यांनी विचारलं.

आतून ताई डोकावली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता.

"तुम्ही सांगा ना," बारकी म्हणाली. "तीन खोल्यांवरून कळतो."

"नाही," भाऊजी म्हणाले. "तूच सांग."

बारकी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. तिने ताबडतोब काही सांगितलं नाही. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले आणि चहा गार होऊ लागला, तरी त्यांनी घाई केली नाही.